टिकायचे किती, विरायचे कधी?

(आकाशवाणीवरून सादर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



उन्हाळ्यात साबुदाण्याच्या पापड्या तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी होत असतील. आमच्याही गच्चीवर होतात. साबुदाणा भिजवायचा, भरपूर पाण्यात शिजवायचा, दाणा काचेसारखा दिसू लागला आणि रटरटणारे मिश्रण घट्टसर झाले की पळीपळीने प्लॅस्टिकच्या कागदावर घालायचे. दोन कडक उन्हे मिळाली की पापडी कडेने सुटू लागते. आता दाण्यांऐवजी त्याच टॅपिओकाचे शुद्ध पीठ घ्या, ते शिजवून सपाट ताटलीत अगदी पातळ थर ओता, मंद उष्णतेवर वाळवा आणि हळूच सोलून काढा. हातात जो पारदर्शक पापुद्रा येतो त्याला शास्त्रज्ञ स्टार्चची फिल्म म्हणतात. जगभरच्या प्रयोगशाळांत प्लॅस्टिकच्या पिशवीला पर्याय म्हणून ज्या पातळ पडद्यांवर काम चालले आहे, त्यांतल्या एका मोठ्या घराण्याची ही मूळ पाककृती. आणि आपल्या आयाबहिणी ती वाळवायला कशावर घालतात, तर प्लॅस्टिकवर!

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पॉलिमर हा काही माझा प्रांत नव्हे. पण माझी भाची एम.एस्सी. करते आहे आणि तिच्या प्रकल्पाचे नाव ऐकून मला दम लागला होता: जैवविघटनशील पॉलिमरच्या मिश्र फिल्मचे गुणधर्म पूरक द्रव्ये घालून सुधारणे. मी म्हटले, बाई, हे एका श्वासात म्हणता येत नाही, मला स्वयंपाकघराच्या भाषेत सांग. तिने सांगितले, आणि नुसते सांगितले नाही तर करून दाखवले. ते तुमच्यापर्यंत पोहोचवावेसे वाटते, कारण या विषयाचे दुसरे टोक आपल्या शहराने स्वतःच्या नाकाने अनुभवलेले आहे.

२०१८ चा फेब्रुवारी आठवा. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. वर्षानुवर्षे ज्या नारेगावच्या डेपोवर आपण आपला कचरा नेऊन टाकत होतो, तिथल्या आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि आता बस झाले म्हणून सांगितले. आठवड्यांमागून आठवडे कचरा शहरातच, चौकाचौकात पडून राहिला. गाड्या दुसरीकडे वळवल्या तर तिथले लोक उभे राहिले. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक, जाळपोळ, लाठीमार, सगळे झाले. ओला कचरा सडत होता, सुका वाऱ्यावर उडत होता, आणि ओल्याला सुक्यापासून वेगळे करू न देणारी जी वस्तू होती ती म्हणजे गाठ मारलेली पातळ पिशवी. आतले खरकटे आठ दिवसांत माती व्हायला तयार, पण भोवतीची पिशवी त्याला मातीपर्यंत पोहोचू देत नाही. गाय ती गाठ सोडवू शकत नाही, ती पिशवीसकट गिळते.

त्याच मार्च महिन्याच्या २३ तारखेला राज्य सरकारने प्लॅस्टिक बंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्याला दहा हजार. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरली. कायदे आले. पण औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत पालकाची जुडी विकणाऱ्या बाईचा प्रश्न साधा होता. ओल्या पालेभाजीला पिशवी लागते, ती फाटता कामा नये, स्वस्त पाहिजे आणि दंड होता कामा नये. कापडी पिशवी हे उत्तम उत्तर आहे, मी स्वतः खांद्याला लावून फिरतो. (दुकानात कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी मिळते, ती मात्र बहुधा कापडी नसतेच, पॉलिप्रॉपिलिनची असते.) पण दूध, औषधे, ओले मासे, रोपवाटिकेतली रोपे, शेतातले मल्चिंग, इथे कापड चालत नाही. तिथे असा पडदा हवा जो काम असेपर्यंत टिकेल आणि काम संपल्यावर विरून जाईल.

आता पापडीकडे येऊ. सुकलेली पापडी वाकवा, कट्कन मोडते. का मोडते? स्टार्चचा रेणू म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक साखळी. शिजताना या साखळ्या पाण्यात मोकळ्या होतात. पाणी उडून गेले की त्या एकमेकींना घट्ट धरून बसतात, इतक्या घट्ट की कुणालाच सरकायला जागा राहत नाही. वाकवले की सरकण्याऐवजी तुटतात. भाचीने काय केले, तर पाच ग्रॅम स्टार्चला दीड ग्रॅम ग्लिसरीन घातले, तेच, थंडीत ओठांना लावतो ते. ग्लिसरीनचे छोटे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकींवरून घसरू देतात. दोन दिवसांनी ताटलीतून निघालेला पापुद्रा मी बोटाभोवती गुंडाळला. मोडला नाही. मला जरा जादूच वाटली.

"मामू, लगेच टाळ्या वाजवू नका," भाची म्हणाली, "पावसाळा येऊ द्या."

तिचे म्हणणे खरे होते. ग्लिसरीन पाणी ओढते. ऑगस्टच्या दमट हवेत तोच पापुद्रा चिकट आणि लिबलिबीत झाला. आणि उरलेला एक तुकडा पुढच्या मे महिन्यात, आपल्याकडचा पारा बेचाळीसकडे धावत असताना काढून पाहिला तर तो पुन्हा पापडीसारखा कडक. हवेतला ओलावा गेला, शिवाय काळाबरोबर स्टार्चच्या साखळ्या हळूहळू पुन्हा जवळ येऊन रांगेत बसतात. ताजी मऊ भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते त्यामागेही मुख्यतः हेच कारण आहे. प्रयोगशाळेतली फिल्म आणि आपली शिळी भाकरी यांचे दुखणे एक आहे हे कळल्यावर मला या विषयाची भीती वाटेनाशी झाली.

म्हणून नुसत्या स्टार्चवर कुणी थांबत नाही. त्यात दुसरा पॉलिमर मिसळतात. भाची पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मिसळते. ते पाण्यात विरघळते, स्टार्चशी त्याचे बऱ्यापैकी जमते आणि फिल्मला ताण सोसायची ताकद येते. कारखान्यात बनणाऱ्या पिशव्यांमध्ये बहुतेक वेळा पीएलए आणि पीबीएटी अशी जोडी असते. पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड. दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल साखर आंबवून करायचे आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडत न्यायचे. पीएलए ताठ असते, चकचकीत असते, पण स्वभावाने ठिसूळ. ताणले तर पाचेक टक्के लांब होते आणि तुटते. उलट पीबीएटी रबरासारखे, स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट ताणले जाणारे, पण मऊ. एकाचा ताठपणा आणि दुसऱ्याची लवचिकता एकत्र आणायची अशी कल्पना. यातला पीबीएटी, हे नीट ऐका, बहुतांशी पेट्रोलियमपासूनच बनतो, आणि तरीही जिवाणू त्याला खाऊ शकतात. म्हणजे वनस्पतीपासून बनलेले ते सारे विरणारे आणि खनिज तेलापासून बनलेले ते सारे अमर, अशी सरळ विभागणी नाही. कशापासून बनले हा एक प्रश्न आणि शेवटी त्याचे काय होते हा दुसरा.

पण या दोघांचे आपसात जमत नाही. तेल आणि पाणी घुसळून ठेवावे तसे ते वेगवेगळे राहतात, एकाचे गोळे दुसऱ्यात तरंगतात आणि ताण पडला की फिल्म त्या सीमेवरच फाटते. म्हणून तिसरे काहीतरी घालावे लागते, ज्याचा एक हात याच्या हातात आणि दुसरा त्याच्या हातात. त्याला सुसंगतकारक असे काहीसे बोजड नाव आहे. मी त्याला दुभाष्या म्हणतो. वजनात अगदी थोडे लागते, पण त्याच्यावाचून मिश्रण नुसते शेजार राहते, संसार होत नाही. घरात दखनी बोलून कागदावर मराठी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे द्रव्य आवडावे यात नवल नाही.

मग येते माती, अक्षरशः माती. मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले. एकेक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर जाड, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि रुंदीला त्याच्या शेकडो पट. ते पाण्याने फुगते आणि सुकले की आकसते. कुठे पाहिले आहे हे तुम्ही? आपल्या मराठवाड्याच्या काळ्या रानात. पावसात पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पाडणारी आपली माती याच कुळातल्या खनिजामुळे तशी वागते. उद्योगात ते कच्छ-राजस्थानच्या बेंटोनाइट मातीतून घेतात. स्टार्चच्या फिल्ममध्ये हे पापुद्रे तीन ते पाच टक्के नीट पसरले तर ओलावा आणि प्राणवायू यांना आरपार जायला सरळ वाट उरत नाही. गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांतून वाट काढणाऱ्या नवख्या माणसासारखे त्यांना प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालावा लागतो. फिल्म मजबूतही होते. मात्र पापुद्रे सुटे न होता त्यांचा गठ्ठा राहिला तर सगळे उलटते. गठ्ठा असतो तिथूनच फाटायला सुरुवात होते. भाचीचा निम्मा वेळ ती माती पाण्यात ढवळण्यातच जातो.

दुसरे मजबुती देणारे द्रव्य आहे सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे. कापूस, उसाचे चिपाड, केळीचा खुंट, कशातूनही ते काढता येतात. मुंबईला माटुंग्यात केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, सिरकॉट म्हणतात तिला. तिथे असे नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्प उभारला गेला. आपल्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून बांधावर जाळतात किंवा चुलीत घालतात. त्या पऱ्हाटीत हाच धागा आहे. यात मला पैसा दिसत नाही, तो पाहणारे पाहतील; मला दिसतो तो फेब्रुवारीतला धूर.

इथे कुणाला वाटेल की ही तर जुनीच युक्ती. आहेच. दौलताबादजवळचे कागजीपुरा आपल्याला माहीत आहे; हातकागदाची तिथली परंपरा मुहम्मद तुघलकाच्या काळापर्यंत मागे नेली जाते. जुन्या हातकागदावर शाई पसरू नये म्हणून त्याला खळ लावायचे आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचे. सेल्युलोजच्या धाग्यावर स्टार्चचा थर! विणकरही ताण्याला खळ देतात, नाहीतर धोटा फिरताना सूत तुटते. पूरक द्रव्याची विद्या आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे, नावे तेवढी नवी आहेत. फरक एकच, आणि तो मोठा आहे. खळीत असे काही नसायचे जे नंतर मातीला जड जाईल.

आता मी माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो. पापुद्रा पाण्याने विरघळू नये म्हणून त्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचे आम्ल घालून तापवले तर साखळ्यांच्या मध्ये पक्के टाके पडतात. ओल्या भाजीला फिल्म जास्त टिकते. पण टाके जितके जास्त तितके जिवाणूंना ते उसवायला कठीण. बुरशी येऊ नये म्हणून लवंगेचे किंवा दालचिनीचे तेल घालतात, कोळंबीच्या टरफलापासून काढलेले कायटोसान घालतात. फळे चार दिवस जास्त राहतात. पण ज्या बुरशीला आपण आत हाकलले, तीच उद्या मातीत या फिल्मला खाणार आहे ना? तेल निदान उडून जाते. काही जण चांदीचे किंवा झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण घालतात. ते उडत नाहीत, विरत नाहीत, पॉलिमर नाहीसा झाला तरी मातीत राहतात. म्हणजे फिल्मचा प्रत्येक गुण वाढवताना तिच्या मरणाची किंमत मोजावी लागू शकते. शोधनिबंधांत ताण सोसण्याचे आकडे पहिल्या तक्त्यात असतात आणि मातीत काय झाले ते शेवटच्या परिच्छेदात, कधी नसतेच. मी भाचीला म्हटले, तुझ्या तक्त्यात हा रकाना पहिला घाल. ती म्हणाली, मार्गदर्शकांना तुम्हीच सांगा.

याहून वाईट एक प्रकार आहे. पिशवी साध्या पॉलिथिनचीच ठेवायची, आणि त्यात धातूचे क्षार असलेले एक द्रव्य घालायचे. ऊन आणि हवा लागली की पिशवीचे तुकडे पडू लागतात. वर छापायचे, विघटनशील. डोळ्यांना पिशवी दिसेनाशी होते, आणि लोक समाधान पावतात. पण ती गेलेली नसते, तिचा चुरा झालेला असतो, आणि चुरा उचलता येत नाही. अशा प्लॅस्टिकवर युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशानुसार बंदी घातली. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन जैवविघटनशील प्लॅस्टिकच्या व्याख्येत सूक्ष्म प्लॅस्टिक मागे न ठेवण्याची अट आली. उशिरा का होईना, शब्दाला अर्थ आला. शब्दांवर पोट नसले तरी मन भरणाऱ्या आम्हा लोकांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मग खरी कसोटी कोणती? कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकसाठी आय.एस. १७०८८ हे मानक आहे. त्याप्रमाणे सुमारे ५८ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या खताच्या ढिगात, १८० दिवसांच्या आत, फिल्ममधल्या कार्बनचा किमान ९० टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघाला पाहिजे. बारा आठवड्यांनी ढीग दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळला तर चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. शिवाय त्या खतात रोप नीट उगवले पाहिजे. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते.

पण ५८ अंश म्हणजे किती? मोठा, नीट ओलावा राखलेला, वरचेवर परतलेला खताचा ढीग आतून एवढा तापतो. अंगणातली कुंडी तापत नाही, खाम नदीचे पात्र तापत नाही. आम्ही तीन तुकडे कुंडीत पुरले होते. साधा स्टार्चचा पापुद्रा काही आठवड्यांत सापडेनासा झाला. सायट्रिक ॲसिडचा बराच काळ चिंधीसारखा उरला. दुकानातून आणलेल्या, रीतसर कंपोस्टेबल असे छापलेल्या पिशवीचा तुकडा मात्र धुऊन पुन्हा वापरावा असा निघाला. यात त्या पिशवीने फसवले असे म्हणता येणार नाही. पीएलए साधारण साठ अंशांच्या खाली फारच सावकाश तुटते, तिला हवा तो ढीग आम्ही दिलाच नव्हता. मग ती पिशवी कुठे जायला हवी? कचऱ्याच्या त्या संकटानंतर शहरात चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथे प्रक्रिया प्रकल्प आले, कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प आला. पिशवी ओल्या कचऱ्याबरोबर तापलेल्या खताच्या ढिगात गेली तर तिचे सार्थक. गॅसच्या टाकीत हवा नसते, मुक्कामही थोड्या दिवसांचा, तिथे ती तशीच राहायची शक्यता जास्त. आणि ती चुकून भंगारात, साध्या प्लॅस्टिकच्या पुनर्वापरात गेली तर तिथला मालही बिघडवते. वर्गीकरण करणाऱ्या बाईने दोन्ही पिशव्या हातात घेऊन ओळखायच्या कशा? दोन्ही दिसायला सारख्याच.

कच्चा माल हाही एक प्रश्न आहे, पण त्यावर थोडक्यात बोलतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने पीएलएसारखे जैवपॉलिमर बनवण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. साखर कारखान्यांच्या राज्यात असे व्हावे हे स्वाभाविक आहे, आनंदाचेही आहे. फक्त ज्या मराठवाड्यात २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पिशव्यांसाठी आणखी ऊस लावा असे कुणी सांगू लागले तर मी आधी विहिरीत वाकून पाहीन. चिपाड आणि पऱ्हाटी आधी संपवा, मग उसाचा रस.

राहिली शेती. सिल्लोडकडे मिरचीच्या वाफ्यांवर काळे-रुपेरी मल्चिंग अंथरलेले तुम्ही पाहिले असेल. पंचवीस-तीस मायक्रॉनचा तो पडदा तण दाबतो, पाणी वाचवतो, पण हंगाम संपला की गोळा करताना फाटतो आणि चिंध्या नांगराखाली जातात. वर्षानुवर्षे. तिथे विरणारी फिल्म सगळ्यात उपयोगाची, कारण तिला कुठे वाहून न्यायचे नाही, जिथे आहे तिथेच मुरवायचे आहे. तिच्यासाठी युरोपात २०१८ मध्ये वेगळे मानक आले, त्यात ५८ अंशांचा ढीग नाही, साध्या तापमानाची माती आहे आणि दोन वर्षांची मुदत आहे. तिच्यात काजळी घालतात. काजळीने तणाला उजेड मिळत नाही आणि उन्हाने फिल्म लवकर जीर्णही होत नाही. मे महिन्यात लावलेली मिरची दिवाळीपुढे तोडत राहायची असते, म्हणजे फिल्मने तेवढे महिने ऊन, पाऊस आणि मजुरांचे पाय सोसायचे, आणि रब्बीच्या नांगराआधी हार मानायची. आज ही फिल्म साध्या मल्चिंगपेक्षा बरीच महाग पडते. आमच्या ओळखीच्या एका मिरचीवाल्या शेतकरी काकांना भाचीने हे सगळे उत्साहाने समजावले, तिचा पापुद्राही दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन ताणला, उजेडात धरून पाहिला, वास घेतला.

"चांगलंय पोरी," ते म्हणाले. "अन् पाऊस महिनाभर लांबला, तर ह्याला कसं कळायचं?"

तिने ते वहीत लिहून घेतले. ओलावा नसेल तर फिल्म विरायला किती उशीर लागतो, हे मोजण्यासाठी सध्या आमच्या गच्चीवर काळ्या मातीच्या सहा कुंड्या मांडल्या आहेत. तीनना पाणी मिळते, तीनना नाही.